कमांडरची दाढी

आमच्या गल्लीतल्या न्हाव्याच्या पोटात काही राहत नाही. आमचा धाकटा लेक बंदूकवाल्यांच्या टोळीत गेला, हेसुद्धा मला त्याच्याकडूनच कळलं.

टोळीत कुणीतरी पोलिसांचा खबऱ्या आहे, असा सगळ्यांचा समज होता. म्हणून कमांडरने शक्कल लढवली. संशय असलेल्या तिघांना त्याने हल्ल्याच्या तीन वेगवेगळ्या जागा सांगितल्या. पोलीस ज्या जागी येतील, तिथला माणूस फितूर, आणि फितुराला गोळी. तिघांत आमचा धाकटाही होता. हेही न्हाव्यानेच सांगितलं.

पोलीस तिन्ही जागी आले.

कमांडर त्याच न्हाव्याकडे दाढीला बसला होता. तो खेकसला, "तिन्ही जागा फुटल्याच कशा रे?"

न्हावी वस्तरा चालवत म्हणाला, "तुम्हीच नाही का इथे बसून सांगितल्यात, साहेब? फौजदारसाहेबही माझ्याकडेच येतात. निघालं बोलता बोलता. मान हलवू नका, कापेल."

कमांडरने मान हलवली नाही. टोळीत जाहीर झालं की खबऱ्या वगैरे कुणी नाही, पोलिसांचं नशीबच जोरावर होतं. धाकटा धडधाकट घरी आला आणि वर भाजीला मीठ कमी म्हणाला.

कमांडर हल्ली दाढी वाढवतो.