लॉगिन होण्याआधीच

भूमसारख्या लहान गावात घरी बसून पुण्याच्या कंपनीसाठी प्रोग्रामिंग करणारी आमच्या घरात मी एकटीच होते. मग धाकटी जाऊ आली, तीही त्याच शिक्षणाची. कंपनीत तिचं नाव मीच सुचवलं. एकाच टेबलावर समोरासमोर दोन लॅपटॉप आले आणि तेव्हापासून माझ्या पोटात दुखायला लागलं.

त्या वेळी आम्ही खवा विकणाऱ्यांची वेबसाइट करत होतो. ज्या व्यापाऱ्याचं खातं बंद केलंय, त्याला पासवर्ड बरोबर असला तरी आत घ्यायचं नव्हतं. मी आधी लॉगिन होऊ द्यायची आणि खातं बंद दिसलं की लगेच बाहेर काढायची. पण तेवढ्यात त्याच्या मोबाइलवर ‘आपलं स्वागत आहे’ असा मेसेज जायचा. वेबसाइट करून घेणाऱ्या संस्थेच्या व्यवस्थापकांचा फोन आला, “मॅडम, ज्याला हाकलायचं त्याचंच स्वागत करताय व्हय?”

मी सगळी दुपार त्या मेसेजच्या मागं होते. समोरून जाऊ हळूच म्हणाली, “ताई, लॉगिन व्हायच्या आधी एक इव्हेंट येतो बघा. हा माणूस आता आत येतोय, असं सांगणारा. तो तिथंच रद्द केला तर लॉगिन होतच नाही. मग मेसेज कुठला जातोय?”

चहा उकळेपर्यंत तिनं ते करूनही टाकलं. ऑनलाइन मीटिंगमध्ये कंपनीच्या साहेबांनी कौतुक केलं. दारात शेंगा फोडत बसलेल्या सासूबाईंनी ते ऐकलं आणि शेजारणीला सांगून आल्या, “आमची धाकटी लई हुशार हाय.” मी इतकी वर्षं काम करतेय, पण माझ्यासाठी त्या कधी शेजारी गेल्या नव्हत्या.

आठवडाभरात तक्रार आली. खातं बंद असलेल्या एका व्यापाऱ्यानं पासवर्ड बदलून पाहिला, तरी पुन्हा लॉगिनचंच पान, कारण काहीच नाही. जावेनं लॉगिन रद्द केलं होतं, पण का रद्द केलं ते दाखवायचं राहिलं होतं. मला झालेला आनंद लपवायला मी पाणी प्यायला उठले. मग बसून रद्द करतानाच कारण पुढं पाठवलं आणि पडद्यावर ओळ आणली, ‘आपलं खातं बंद आहे, कार्यालयात चौकशी करा.’

मीटिंगमध्ये हे कसं सांगायचं, ते मी मनात घोळवून ठेवलं होतं. पण माझ्या आधी तीच बोलली, “चूक माझी होती सर. ताईंनी धरली, त्यांच्यामुळंच काम पुरं झालं.”

साहेब मला शाबास म्हणाले. मी “थँक्यू” म्हणाले. स्वतःच्या हक्काची शाबासकीही तिच्या हातून घ्यावी लागली होती.

सासूबाई शेंगा बाजूला सारून म्हणाल्या, “बघ, किती मोठ्या मनाची हाय ती.”