माइकवर दिलेलं नाव

माझ्या पोटात काही राहत नाही. सारसोळ्यात कोणालाही विचारा, हेच सांगतील. ही एक गोष्ट मात्र सहा वर्षं राहिली. बायकोलाही सांगितली नाही. आज तुम्हाला सांगतोय, आणि सांगताना मधेमधे मला हसू येईल, कारण ते दिवसच मजेचे होते. मजेतच तर सगळं झालं.

मी क्रिकेटची कॉमेंट्री करतो. पोटापाण्याला महाप्याच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळतो, पण माझा खरा जीव माइकमध्ये! टेनिस बॉलची टूर्नामेंट असली की मांडव, स्पीकर, वडापावची गाडी—आणि मी. खेळाडूंना टोपणनावं दिल्याशिवाय मला करमत नाही. अकाउंट्सच्या सावंतांना मी 'जेसीबी' केलं. आता त्यांची मिसेससुद्धा तीच हाक मारते, आणि सावंत खूश!

त्या वर्षी कंपनीच्या टूर्नामेंटला रुआता उतरला. मिझोरामचा, डिझाइन विभागात नवीन लागलेला. काय बॉलिंग होती हो त्याची! मॅचच्या आधी तो आपणहून माझ्याकडे आला आणि हातात चिठ्ठी दिली. देवनागरीत, जपून गिरवलेलं—'रुआता'. म्हणाला, "दादा, नाम बराबर बोलना हां."

बोललो का मी बरोबर?

पहिली विकेट पडली आणि मी माइकवर ओरडलो—"मोमोने उडवला दांडा!" मांडव हसून लोळला. दुसऱ्या विकेटला तर अख्खं मैदान माझ्यामागे, "मोमो! मोमो!" तोही हसत होता, असं मी नंतर सगळ्यांना सांगत आलो. नव्हता हसत. मी बघितलं होतं. बघूनही चालू ठेवलं, कारण पब्लिक माझ्यावर फिदा होतं.

आई मांडवातच होती. घरी येताना म्हणाली, "पोराला त्याचा नाव हाय ना? मंग त्याच नावानी बोलव." मी म्हटलं, तुला क्रिकेटमधलं काय कळतं.

सोमवारपासून गेटवर मोमो, कँटीनमध्ये मोमो, लिफ्टमध्ये "क्या मोमो, चायना कब वापस?" महिनाभर त्याने ऐकून घेतलं, मग लेखी तक्रार दिली. तक्रार समितीच्या बाईंनी मला बोलावून शांतपणे सांगितलं—कोणाच्या वंशावरून, चेहऱ्यावरून असं हिणवणं ही मस्करी नाही, छळ आहे. तो अनुसूचित जमातीतला, चारचौघांत अपमान केलाय, ॲट्रॉसिटीचा कायदा लागू शकतो, तो पोलिसांतही जाऊ शकतो. कायदा! आणि मी म्हणालो—

मी म्हणालो, "मॅडम, हे नाव त्यानेच सांगितलं होतं. चिठ्ठीवर लिहून दिलं होतं."

चिठ्ठी माझ्या पाकिटात होती. बाहेर येऊन मी ती फाडली.

तक्रारीत तथ्य नाही, असा निकाल लागला. वर त्यालाच सगळ्यांसमोर माझ्याशी हात मिळवायला लावलं. त्याने मिळवला, पण तेव्हापासून मला दादा म्हटलं नाही. तो जवळ आला की लोक गप्प होतात—सांभाळून रे, तक्रार करेल. मीही त्यांच्यात हसलोय. एकदा नाही, कितीदा तरी.

तरीही तो खेळत राहिला. यंदाची फायनल तुम्ही बघायला हवी होती! शेवटची ओव्हर, समोरच्या कंपनीला सहा रन्स हव्यात, बॉल रुआताच्या हातात. चार बॉलमध्ये तीन विकेट, आणि जिंकलो! माणसं मैदानात धावली, बँजो सुरू झाला, सावंत धोतर नेसल्यासारखी पँट धरून नाचले. माझा आवाज बसला, डोळ्यांत पाणी आलं—आनंदाचं, शपथेवर सांगतो.

रुआताला खांद्यावर घेतलं होतं. "मोमो! मोमो!" सगळे प्रेमाने ओरडत होते. माझ्या टेबलाशेजारी खुर्चीवर उभं राहून त्याची चार वर्षांची मुलगीही टाळ्या पिटत होती. लाल फ्रॉक, आनंदाने नुसत्या उड्या. सगळे ओरडतायत म्हणून तीही ओरडली—

"मोमो! मोमो!"

त्याने खांद्यावरून तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी माइकमध्ये जीव तोडून ओरडलो, "रुआता!" पुन्हा ओरडलो. त्या गलक्यात कोणाला काही ऐकू गेलं नाही.

काल मी समितीच्या बाईंना पत्र दिलं. नोकरी राहील की नाही, केस होईल की नाही, ते आता त्यांच्या आणि रुआताच्या हातात. पत्रात दोनच ओळी आहेत. रुआताने चिठ्ठीवर स्वतःचंच नाव लिहिलं होतं. मोमो मी म्हटलं, आणि खोटंही मीच बोललो.