डाव्या बैलाचा कासरा

राळेगावकडच्या आमच्या गावात सरपंचपद बायांसाठी राखीव झालं, माझी बायको निवडून आली आणि मी सरपंचसाहेब झालो. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, मला तर मुळीच नाही. ग्रामपंचायतीतली गादीची खुर्ची माझी, टपरीवरचा पहिला चहा माझा. सह्या तेवढ्या ती करायची. दिवस मोठ्या झोकात चालले होते.

मग बोंडअळीचं साल आलं. पंचनाम्याला आलेल्या साहेबांना मी रस्त्याकडेचं एक वावर दाखवलं, पुढेही असंच आहे म्हणालो आणि जेवायला घरी आणलं. बायकोनं ताटं वाढलीच नाहीत. पदर खोचून ती साहेबांना नाल्यापलीकडच्या एकेका वावरात घेऊन गेली, ती दिवस मावळताना परतली. मटण पार निवून गेलं. त्या दिवसापासून लोक ओसरीवर मला ओलांडून थेट स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊ लागले. मी आतल्या आत धुमसत होतो, पण पुढचा पोळा माझ्या हातात होता. तोरणाखालून पहिली जोडी सरपंचाची जाते, आणि ती नेणारा मी.

पोळ्याला बैलांवर नव्या झुली, शिंगांना बेगड आणि माझ्या अंगात कडक इस्त्रीचा सदरा. तोरणाशी उभा राहिलो तशी ती आरतीचं ताट घेऊन आली. ओवाळून झालं तरी बाजूला होईना. ताट शेजारणीकडे देऊन तिनं उजव्या बैलाचा कासरा माझ्या हातातून काढून घेतला.

"मान सरपंचाचा हाये ना? मंग मले नेऊ द्या. तुमी डावा धरा."

बाईनं तोरणाखालून बैल नेलेले आमच्या गावानं कधी पाहिले नव्हते. सगळे माझ्या तोंडाकडे बघू लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण उजवा चालू लागला, आणि डावा सोडला असता तर गर्दीत घुसला असता. धरला. ताशा कडाडला, गाव हसलं, मलाही हसू आवरेना.

संध्याकाळी मी जोडी घरोघरी फिरवली. बैल घेऊन येणाऱ्या गड्याच्या हातावर घरची बाई बोजारा म्हणून चार पैसे ठेवते. शेवटी आमचंच दार आलं. ती आधीच उंबऱ्यात उभी होती. तिनं बैलांचे पाय धुतले, पुरणपोळी चारली आणि माझ्या हातावर दहाची नोट ठेवली.

"वीस तरी द्या ना, सरपंचबाई," मी म्हणालो.

निवडून आल्यापासून तिला मी सरपंच म्हटलं ते तेव्हा पहिल्यांदा. तिनं कमरेची पिशवी पुन्हा उघडली.