नाव घातलेल्या रेकॉर्डी

लातूरच्या वीरण्णांचं भांड्यांचं दुकान आहे. भांडं घेतलं की त्यावर नाव घालून मिळतं, फुकट, आणि सत्तरी उलटली तरी हे काम वीरण्णा नोकराला करू देत नाहीत. मशीनची सुई घरघरत स्टीलवर फिरते आणि कुणाचं बारसं, कुणाची वास्तुशांत तांब्यावर कायमची बसते. नाव नसलेलं भांडं शेजारी गेलं की शेजाऱ्याचं होतं, असं त्यांचं ठाम मत. त्यांचे शेजारी बघता ते चुकीचंही म्हणता येत नाही.

हाच माणूस इंग्रजी रॉकच्या जुन्या रेकॉर्डी जमवतो, हे लातुरात कुणाला सांगून पटत नाही. हैदराबादला माल आणायला गेले असताना फुटपाथवरच्या दुकानात त्यांनी पहिली ऐकली. शब्द एक कळला नाही. पण जन्म गेला भांडी वाजवून पारखण्यात. ड्रमचा ठोका खणखणीत वाटला, म्हणून घेतली. मग दर खेपेला एक. घरी आणली की पहिलं काम नाव घालायचं. मधल्या कागदी लेबलाभोवती गुळगुळीत पट्टी असते, तिच्यावर. ‘सौ. रत्नम्मा हिस, संगमेशच्या जावळानिमित्त.’ ‘फ्रिज आला त्यानिमित्त.’ ‘मंजुश्री दहावी पास, दुसऱ्या खेपेला.’

रत्नम्मा म्हणजे त्यांची बायको, संगमेश आणि मंजुश्री ही मुलं. या संगीताबद्दल तिला स्वयंपाकघरातून एवढंच म्हणायचं असे, “अहो, आवाज कमी करा की. लोकं भांडण लागलंय समजायलेत.” वीरण्णा मान डोलवत आणि आवाज आहे तिथंच ठेवत.

दोन वर्षांपूर्वी रत्नम्मा गेली. यंदा दिवाळीच्या तोंडावर संगमेशला कुकरचे खोके ठेवायला रेकॉर्डींची खोली हवी झाली. “अप्पा, तुम्ही आता लावत तर न्हाईत,” तो म्हणाला. ते खरंच होतं. नांदेडहून दयानंद नावाचा रेकॉर्डी घेणारा तरुण आला. वीरण्णांनी त्याला चहा दिला. तो बसमध्येच आजारी पडला असता तर बरं झालं असतं, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

दयानंदनं पहिली रेकॉर्ड उजेडात धरली. मग दुसरी, तिसरी.

“काका, हे कुणी केलं?”

“म्या. दुसरं कोण करणार?”

“सगळ्यांवर?”

“मग? ओळखायच्या कशा?”

नाव घातलेल्या रेकॉर्डी कुणी हातात धरणार नाही, असं दयानंदनं जड मनानं सांगितलं. वीरण्णांच्या जिवात जीव आला. तेवढ्यात त्याचा हात तळाच्या रेकॉर्डवर पडला. ती कोरी होती.

“ही मात्र नेतो,” तो खुलून म्हणाला. “लई दिवस शोधून राहिलो हिला.” निदान एक तरी निघाली म्हणून संगमेश खूश झाला.

ती रेकॉर्ड वीरण्णांनी रत्नम्मा हैदराबादला दवाखान्यात असताना घेतली होती. काय लिहू, असं त्यांनी खाटेशी बसून विचारलं होतं. “बरी झाली त्यानिमित्त, असं लिवा,” ती म्हणाली होती, “पण घरी गेल्यावर.” ती घरी आली, पण बरी होऊन आली नाही. रेकॉर्ड तशीच राहिली, एकदाही न लावलेली. दिवसकार्याला वाटायच्या डब्यांवर नाव घालायची वेळ आली, तेव्हा अर्ध्या लातूरचं ‘स्मरणार्थ’ लिहिलेले वीरण्णा दुकानातून उठून गेले होते. ते डबे संगमेशनं केले.

“थांबा,” वीरण्णा म्हणाले. “नाव राहिलंय.”

ते रेकॉर्ड घेऊन खाली दुकानात गेले आणि मशीन लावलं. “काका, अहो, नका!” दयानंद जिन्यातूनच ओरडला. त्यांच्या लिंगायतांत गेलेल्या माणसाच्या नावाआधी ‘लिं.’, म्हणजे लिंगैक्य, लावतात. वीरण्णांनी तेही लावलं. ‘लिं. रत्नम्मा हिच्या स्मरणार्थ.’

“आता नेता?” त्यांनी विचारलं.

दयानंदनं नकारार्थी मान हलवली. कुकरचे खोके बोळातच राहिले.

मग वर येऊन वीरण्णांनी ती रेकॉर्ड लावली. ड्रम सुरू झाला, भिंतीवरचं घड्याळ हललं. स्वयंपाकघरातून कुणी काही बोललं नाही. वीरण्णांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग उठून आवाज कमी केला.