रस्ता आधी खोदा

पालिकेच्या इंजिनिअरने आमच्या दाराच्या चौकटीवर खडूने रेघ ओढली आणि म्हणाला, "आजी, नवा सिमेंटचा रस्ता इथवर येईल." आत उभं राहून बघितलं तर रेघ माझ्या कमरेला लागत होती. मी फिदीफिदी हसले. घाबरले की मला हसू येतं, ही जुनी खोड.

पाथरीच्या आमच्या गल्लीत बाकीच्यांनी घरं उंच बांधून घेतली, ते पायऱ्या चढून घरात जातात, आम्ही दोन पायऱ्या उतरून जातो. मागच्या पावसाळ्यात भर दुपारी पाणी आत शिरलं. आमचे हे अर्धांगवायूने पलंगाला खिळलेले, मुलगा पुण्याला. पाणी पलंगाच्या पायांवर चढायलं होतं आणि मला यांना उचलता येईना. गादीखाली हात घालून ओल चाचपत नुसती ओरडत राहिले. शेजारचे धावून आले म्हणून निभावलं.  हे सारा वेळ माझ्या तोंडाकडे बघत होते.

आता त्यावर आणखी फूटभर रस्ता!

घर असं खड्ड्यात कुणी घातलं? मीच. तरुणपणी गल्लीत पहिल्यांदा डांबर आलं, नंतर दुसऱ्या डांबराच्या वेळी ठेकेदार कुदळी घेऊन जुना रस्ता उखडायला आला. आणि त्याच दिवशी मी भर गल्लीत जुनी लुगडी अंथरून कुरडया वाळत घातलेल्या. पदर खोचून आडवी झाले. "एक कुदळ मारून दाखव! धूळ बसली तर सगळ्या कुरडया तुलाच खाऊ घालीन." ठेकेदाराला काय, खोदाई वाचली. कुरडया वाळेपर्यंत थांबला आणि जुन्यावरच नवं ओतून गेला. पुढचे सगळे तेच करत गेले. मी मात्र महिनाभर नळावर सांगत फिरले की मी ठेकेदाराला वठणीवर आणलं. अक्कल बहुतेक कुरडयांच्या गव्हासोबत भिजत घातली होती.

सभा विहाराच्या अंगणात भरली. गल्लीतली सगळी घरं आली, नगरसेवकही आले. इंजिनिअरने सरळ सांगितलं, "जुना रस्ता उखडून खाली घ्यायचा तर मंजूर पैशात निम्मीच गल्ली होते. न उखडता टाकला तर शेवटच्या घरापर्यंत जातो. तुम्हीच ठरवा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

गल्लीच्या टोकाच्या घरातली सून उठली. तिकडे रस्ता असा कधी झालाच नाही, नुसती काळी माती. "काकू, तुमच्या एका घरापायी आमी चिखलातच राहायचं का? सासूबाईला दम लागला की रिक्षावाला आत येत न्हाई. माझा नवरा पाठीवर घेऊन जातोय."

 खरंच होतं ते.

तेवढ्यात समोरचे तेलवाले अप्पा कपाळावरची विभूती सावरत म्हणाले, "साहेब, तवा ह्या बाईनंच खोदू दिला न्हवता. कुरडयांसाठी!"

अंगण खदखदून हसलं. मी उठले. खांब धरला. "होय साहेब, मीच ती. लय शहाणी होती. आज भेटली तर दोन थोबाडीत देईन तिच्या. पण पाणी तिच्या घरात येत न्हाई, ह्यांच्या पलंगाखाली येतंय. माझ्याच्यानं उचलणं होत न्हाई हो."  हसणं थांबलं.

इंजिनिअर म्हणाला, "उखडायला सगळ्या घरांच्या सह्या आणा. एक घर जरी नाही म्हणालं, तर आहे त्यावरच टाकणार."

अप्पांनी पहिली सही केली, वर डिवचलं, "यंदा कुरडया गच्चीवर घाला, बाई." बाकीच्यांनीही केल्या. राहिलं टोकाचं घर. चपला हातात घेऊन, चिखलातून भिंतीला धरत गेले.

सुनेने कागद अथपासून इतिपर्यंत वाचला. "सही केली तर आमचा रस्ता कवा?"

वर्षभरात, असं जिभेवर आलं होतं. तरुणपणची ती कुरडईवाली ठोकून देऊन मोकळी झाली असती. मी म्हणाले, "ठाऊक न्हाई, बाई. पालिकेत मी तुमच्यासंगं येईन, रोज येईन. पण कवा, ते ठाऊक न्हाई."

 तिने सही केली आणि पेन माझ्यापुढे धरला. "आता खाली तुमच्या हातानं लिहा. रस्ता होईस्तोवर सासूबाईला दवाखान्यात न्यायची जिम्मेदारी तुमची. माझा नवरा आता कामाला परभणीला जायलाय, दिवसा घरी कुणी नसतंय."

मी लिहिलं. कसं नेणार, कुणाच्या पाठीवर, काहीच सुचत नव्हतं. सही वाकडी आली. आत म्हातारी खोकायला लागली होती. खोकला थांबेना. आम्ही दोघी दाराकडे बघत तशाच उभ्या राहिलो.