फिंटनचा पोटभाडेकरू

आमचा फिंटन जन्मला तोच वाईट फुप्फुसं घेऊन. आतला कफ डिंकासारखा चिकट, सुटता सुटायचा नाही. रोज सकाळी आई त्याला मांडीवर पालथा घालून पाठीवर थापट्या मारायची. शेजारीण भिंतीपलीकडून ओरडायची, "काय गं ब्रीजी, उठल्या उठल्या पोराला बडवतेस?" आई तिकडे लक्षच द्यायची नाही.

शाळेत जायला लागला आणि त्या कफात एक जंतू घर करून बसला. गोळ्या झाल्या, सलाइनी झाल्या, हा हलेना. भोवती बुळबुळीत थर करून आत मजेत. फिंटन त्याला भाडेकरू म्हणायचा. मोठेपणी हार्डवेअरच्या दुकानात कामाला लागला, तिथं खिळे तोलता तोलता गिऱ्हाइकांना सांगायचा, "आमच्या पणजोबाला जमीनदारानं एका दिवसात घराबाहेर काढलं. मला हा एक फुकट्या निघत नाही!" लोक हसायचे. मला मेलं कधी हसू आलं नाही.

तिशीत त्याला जिना चढवेना. डब्लिनच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता फुप्फुसंच बदलायची, दुसरा इलाज नाही. पण त्याआधी भाडेकरूला जमेल तेवढा हटवू. शिरेतून जहाल औषध दिलं. आणि खरंच, तपासणीत तो जवळजवळ दिसेना! आईनं मनुकांचा पाव भाजून अख्ख्या गल्लीत वाटला.

पुढच्या खेपेला बाईंनी आम्हाला बसवून दार लावलं.

"पहिला हटला आणि त्याच थरात दडलेला दुसरा वर आला. बरीच वर्षं असणार. पहिल्याच्या गर्दीत दिसलाच नाही. आणि हा अंगात असला तर नवी फुप्फुसं टिकत नाहीत. शस्त्रक्रियेला आता कुणी तयार होणार नाही."

"मग इतकी वर्षं तुम्ही काय तपासत होता?" मी ओरडलेच.

"म्हणजे पोटभाडेकरू निघाला," फिंटन म्हणाला. कुणी हसलं नाही. मग हळूच म्हणाला, "जुन्याला परत बोलावता येईल का हो? त्यानं याला दाबून तरी ठेवलं होतं."

हिवाळा सरायच्या आत फिंटन गेला. पण त्याआधी, डब्लिनहून आलो त्याच रविवारी, आईनं चर्चमध्ये मेणबत्ती लावली.

"फिंटनसाठी ना?" मी विचारलं.

"त्या जुन्या मेल्यासाठी!" आई खेकसली. "परत ये म्हणावं. त्याच्याबरोबर माझं लेकरू जगत तरी होतं."