पिराची पाखरं

आमच्या तळ्यातली पाखरं पिराची. देवळाली प्रवराच्या अलीकडे उसाच्या रानांत हे तळं आहे, काठावर पिराचा दर्गा आहे आणि तिथली दिवाबत्ती पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घराकडे आहे. तळ्यातल्या पाखराला कुणी हात लावायचा नाही, मग ते जिवंत असो की मेलेलं, हा नेम हिंदू-मुसलमान सगळं गाव पाळतं. मेलेलं पाखरू पाण्यातच राहू द्यायचं.

या नेमाचे राखणदार माझे अब्बा. बंदूक घेऊन आलेल्या एका जीपवाल्याला त्यांनी शिव्या घालत डांबरी रस्त्यापर्यंत पिटाळलं होतं. घरात आमची बोली दखनी, पण पाखरांशी आणि पाखरांबद्दल अब्बा मराठीतच बोलायचे. का म्हणून विचारलं तर म्हणायचे, "इथलीच हायती ती. आपली बोली त्यास्नी कुठनं कळायची?" हळदी-कुंकू बदकांवर त्यांचा फार जीव. चोचीचं टोक पिवळं, मुळाशी लाल ठिपका. ती अब्बांच्या पायाशी येऊन चरायची, उडायची नाहीत. आमच्यापेक्षा त्यांचे लाड जास्त, असं मी लहानपणी कुरकुरायचे.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात मी नगरहून सुट्टीला घरी आले, तेव्हा तळं आटून मध्यावर गेलं होतं. उसाचं खत धुऊन येणारं पाणी त्यातच आणि गावची गटारही त्यातच. पाणी हिरवं, दाट, नाकाला ओढणी लावावी असं. काठाशी एक बदक पंखांवर सरपटत होतं, त्याला उठता येत नव्हतं. मग त्याची मान लुळी पडली आणि वीतभर पाण्यात चोच बुडाली. आमच्या डोळ्यांदेखत ते बुडून मेलं. अब्बा हात पाठीमागे बांधून नुसते बघत राहिले.

रोज नवी बदकं मरत होती आणि जुनी तशीच फुगून तरंगत होती. शेवटी मीच फोन करून तालुक्याच्या जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं.

"चाचा, याला बॉट्युलिझम म्हणतात," ते म्हणाले. "तापलेल्या, सडलेल्या चिखलातले जिवाणू विष तयार करतात. मेलेल्या पक्ष्यात ते फार वाढतं. त्यातल्या अळ्या दुसरं बदक खातं आणि त्याचीही मान पडते. मेलेली बाहेर काढा, लांब खड्ड्यात खोल पुरा. मी हातमोजे देतो."

"आमी त्यास्नी हात लावत न्हाई, डॉक्टरसाहेब."

डॉक्टरांनी हातमोजे पुढे केले. "म्हणून तर इतकी मेली, चाचा."

मला त्या माणसाचा भयंकर राग आला. खरं बोलला होता, म्हणून जास्तच आला.

अब्बा दर्ग्यात जाऊन बसले, चहालाही उठले नाहीत. त्यांनी मोडल्याशिवाय गावात दुसरं कुणी हा नेम मोडणार नव्हतं, आणि तोवर बदकं मरतच राहणार होती. उन्हं कलली तेव्हा ते बाहेर आले, लुंगी खोचली, हातमोजे चढवले आणि चिखलात शिरले. पहिलं बदक दोन्ही हातांनी उचलून ते त्यालाच म्हणाले, "चुकलं रं माजं." मी काठावर गोणी धरून उभी होते. आम्ही दोघंही रडत होतो. दुसऱ्या दिवशी गावातली माणसंही उतरली.

पुढे धरणातून कालव्याला पाण्याचं आवर्तन सुटलं, तळ्यात ताजं पाणी आलं आणि मरणं थांबलं. बदकं थोडीच उरली. पण त्या दिवसांत अब्बा रोज पाण्यात घुसून त्यांच्यातलं कुणीतरी उचलून नेत होते, आणि उरलेल्यांनी ते पाहिलं होतं.

परवा घरी गेले होते. अब्बा काठावर आले की बदकं भर्रकन उडून पार पलीकडे जातात. म्हणून ते हल्ली खाली उतरतच नाहीत, दर्ग्याच्या पायरीवरून बघतात. "तुम्हाला बघून उडतात, वाईट नाही वाटत?" मी विचारलं.

"वाटतंय की," अब्बा म्हणाले. "पन उडताना मान बघ, कशी ताठ हाय."